पहिला चेक लिहिताना: अनामत, पुढच्या तारखांचे चेक आणि रद्द चेक

प्रश्न असा आहे: पुण्यात भाड्याने घर घ्यायचे आहे, भाडे महिना ₹२३,०००. घरमालकांनी तीन महिन्यांच्या अनामतीचा ₹६९,००० चा एक चेक, भाड्याचे पुढच्या तारखांचे तीन चेक आणि शिवाय एक ‘कॅन्सल्ड’ चेक मागितला आहे. विचारणाऱ्याने आजवर सगळे व्यवहार यूपीआयने केले आहेत, चेकबुक कोरेच पडून आहे. काय लिहायचे, कुठे लिहायचे, आणि कोऱ्या चेकवर सही मागितली तर द्यायची का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. देऊ नका. कारण पुढे येईलच.

चेक म्हणजे तुम्ही तुमच्या बँकेला दिलेला लेखी हुकूम: माझ्या खात्यातून अमक्याला अमुक रक्कम द्या. बँकेत तुम्हाला ओळखणारे कोणी असले तरी त्याचा आता उपयोग नाही, कारण तुमचा कागद तुमच्या शाखेत जातच नाही. मालक तो त्यांच्या बँकेत भरतात, तिथे त्याची छायाचित्रे निघतात आणि तुमच्या बँकेकडे फक्त ती छायाचित्रे जातात. पुढच्या बाजूची एक करड्या छटांतली, एक निव्वळ काळी-पांढरी, आणि मागच्या बाजूची एक काळी-पांढरी. या पद्धतीला सीटीएस (चेक ट्रंकेशन सिस्टिम) म्हणतात. तुमचा चेक पास करणारा माणूस पडद्यावर ही चित्रे आणि शेजारी तुमच्या सहीचा नमुना, एवढेच पाहतो. तुमच्या मनात काय होते हे त्याला विचारता येत नाही. चेक लिहिण्याचे बहुतेक नियम याच एका गोष्टीतून निघतात.

कागद आधी नीट पाहा

चेक उजेडासमोर धरा. कागदात ‘सीटीएस-इंडिया’ असा जलचिन्हाचा ठसा दिसेल. झेरॉक्स काढली तर प्रतीवर ‘व्हॉइड’ किंवा ‘कॉपी’ असे अक्षर उमटते. तो दोष नाही, छापील प्रत खरी म्हणून खपू नये यासाठीची ती सोय आहे. खालच्या साधारण दीड सेंटीमीटरच्या पांढऱ्या पट्टीत चुंबकीय शाईतले आकडे असतात. पहिले सहा अंक चेकचा क्रमांक. पुढचे नऊ एमआयसीआर कोड, त्यात तीन शहराचे, तीन बँकेचे, तीन शाखेचे. पुण्याचे ४११, मुंबईचे ४००, नागपूरचे ४४०, म्हणजे पिनकोडचे पहिले तीन अंकच. मग आणखी सहा अंक, आणि शेवटचे दोन चेकचा प्रकार सांगतात. या पट्टीवर सही, शिक्का, टाचणी, स्टेपल, घडी यांतले काहीही येऊ देऊ नका.

चेकबुक जुने असेल तर एक तपासणी जास्त. बँक विलीन झाली असेल तर जुन्या नावाचा चेक चालत नाही. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत. अशा बँकांची चेकबुके अजूनही घरोघरी कपाटात सापडतात. ती वापरू नका, नवीन मागवा. नव्या चेकबुकातही पहिला चेक लिहिण्याआधी पाने मोजा आणि क्रमांक सलग आहेत का पाहा. मधले एखादे पान गायब असेल तर ते आजच कळायला हवे.

पेन तुमचेच

निळे किंवा काळे, गडद, न पुसले जाणारे. साधे बॉलपेन उत्तम, कारण ते कागदावर दाबही सोडते. लाल, हिरवी किंवा फिकी शाई काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात पुसट येते. समोरच्याने पुढे केलेले पेन वापरू नका. काही शाया उष्णता दिली की उडून जातात, आणि त्यावर बेतलेली फसवणूक नेहमीची आहे: कर्ज किंवा कार्ड मिळवून देतो म्हणणारा एजंट स्वतःच्या पेनाने चेकवर ‘कॅन्सल्ड’ लिहितो, सही तुमच्या पेनाने घेतो. नंतर त्याचे अक्षर नाहीसे होते आणि हातात उरतो तुमच्या सहीचा कोरा चेक.

तारीख

वर उजवीकडे आठ चौकोन असतात: दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, चार वर्षाचे. ६ जुलै २०२६ म्हणजे ० ६ ० ७ २ ० २ ६. चेक त्या तारखेपासून तीन महिने चालतो. १ एप्रिल २०१२ पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. घरातली मोठी माणसे अजून सहा महिनेच सांगतात, तिथेच चूक होते.

पुढची तारीख टाकलेला चेक त्या तारखेआधी भरला तर बँक तो परत करते. पण आपण पुढची तारीख टाकली आहे म्हणजे बँक तोवर काही आठवण ठेवेल, असे नाही. त्या दिवशी खात्यात पैसे ठेवणे ही तुमचीच जबाबदारी.

नाव

‘पे’ या शब्दानंतर नाव येते. घरमालकांच्या पासबुकावर जसे नाव आहे तसे, अक्षर अन् अक्षर. घरात हाक मारायचे नाव नको, ‘श्री’, ‘सौ.’, ‘डॉ.’ नको. घर दोघांच्या नावे असेल तर चेक नक्की कोणाच्या खात्यात जाणार ते विचारून घ्या आणि करारातही तसेच नाव येऊ द्या. नाव छापील शब्दाला चिकटवून सुरू करा, शब्दांमध्ये मोठी जागा सोडू नका. ‘राम’ लिहून पुढे जागा मोकळी सोडली की तिथे ‘चंद्र’ बसतो. नाव संपल्यावर ओळीच्या शेवटापर्यंत एक सरळ रेघ ओढा.

कर्जाच्या हप्त्यासाठी किंवा क्रेडिट कार्डासाठी बँकेच्याच नावे चेक द्यायचा असेल तेव्हा नुसते बँकेचे नाव लिहून थांबू नका. त्याच ओळीत पुढे कर्जखात्याचा किंवा कार्डाचा क्रमांक आणि आपले नाव लिहा. नुसत्या बँकेच्या नावाचा चेक वाटेत भलत्याच्या हाती पडला, तर तो त्याच बँकेतल्या दुसऱ्या खात्यात वळवता येतो.

रक्कम: इथे सावकाश

रक्कम दोन ठिकाणी लिहायची, अक्षरी ओळीत आणि ₹ च्या चौकोनात. तुमची रक्कम आहे ६९,०००. चौकोनात ₹ च्या चिन्हाला लागूनच ६ सुरू करा आणि शेवटी तिरकी रेघ व आडवी रेघ द्या: ६९,०००/-. चिन्ह आणि ६ यांच्यात बोटभर जागा राहिली तर तिथे १ बसतो आणि रक्कम होते १,६९,०००. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, म्हणजे हजारानंतर लाख. १ चा ७ किंवा ९, ३ चा ८, ० चा ६ करता येणार नाही असे ठसठशीत आकडे काढा.

अक्षरी ओळ मराठीत लिहायची असेल तर खुशाल लिहा. इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाची भाषा यांपैकी कोणत्याही भाषेत चेक लिहिता येतो, रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. काउंटरवर कोणी ‘इंग्लिशमध्येच हवा’ म्हणाले तर शांतपणे हे सांगा. शक संवतातली राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीखसुद्धा ग्राह्य आहे. पण आपल्या संख्यावाचनात एक सापळा आहे, आणि तुमची रक्कम नेमकी त्यातच आहे. ६९ म्हणजे एकोणसत्तर. घाईत हात ‘एकोणसाठ’ लिहून जातो, कारण डोळ्यांपुढे ६ असतो आणि मनात ‘साठ’ येते. एकोणसाठ म्हणजे ५९. हीच गल्लत एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत होते, म्हणजे ७९ आणि ८९. एकोणने सुरू होणारी रक्कम आधी कच्च्या कागदावर लिहा, मोठ्याने वाचा, मगच चेकवर उतरवा. खात्री नसेल तर इंग्रजीत ‘सिक्स्टी नाइन थाउजंड ओन्ली’ लिहा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त एक पाहा, आकडे आणि अक्षरी ओळ दोन्ही एकाच लिपीत ठेवा. देवनागरी १ आणि ९ घाईच्या अक्षरात सारखे दिसतात, ५ आणि ६ सुद्धा.

ओळ अशी: एकोणसत्तर हजार रुपये फक्त. आधी जागा नाही, मध्ये जागा नाही, ‘फक्त’च्या पुढे ओळीच्या शेवटापर्यंत रेघ. आधी जागा सोडली तर ‘एक लाख’ तिथे आरामात मावतात. मराठीत ‘आठ’चा ‘साठ’ करायला एक फटकारा पुरतो, आणि इंग्रजीत ‘सिक्स’च्या पुढे दोन अक्षरे वाढवली की ‘सिक्स्टी’ होते. म्हणून ‘सिक्स’ आणि ‘थाउजंड’ अगदी लागून लिहावेत.

दोन्ही रकमांत फरक पडला तर? १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ म्हणते की अक्षरी रक्कम खरी धरावी. हे वाचून अनेक जण निर्धास्त होतात. प्रत्यक्षात क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकांच्या आपसातल्या चेकच्या देवघेवीत, असा चेक ‘अक्षरी व अंकी रकमेत फरक’ या शेऱ्यासह परतच येतो. कलमाचा आधार कोर्टात, बँकेच्या पडद्यावर नाही.

खाडाखोडीचेही तसेच. ‘खोडून शेजारी सही केली की चालते’ ही जुन्या काळातली गोष्ट. सीटीएसमधून जाणाऱ्या चेकवर नावात किंवा रकमेत एकही दुरुस्ती चालत नाही, शेजारी सही केली तरी नाही. अपवाद फक्त तारखेचा, तोही मुदत संपलेला चेक पुन्हा चालू करण्यासाठी आणि पूर्ण सहीसह. बाकी चूक झाली की तो चेक रद्द करून नवीन घ्या. एका पानाचा खर्च चेक परत आल्याच्या दंडापेक्षा खूपच कमी आहे.

दोन रेघा, आणि त्यांच्यामधले शब्द

चेकवर नावानंतर छापलेले असते: ‘या धारक को’, म्हणजे किंवा धारकाला. ते तसेच ठेवून, रेघा न मारता दिलेला चेक बेअरर चेक. ज्याच्या हातात तो, त्याला काउंटरवर रोख मिळू शकते. अनामतीसाठी असा चेक कधीच देऊ नये.

वर डाव्या कोपऱ्यात दोन समांतर तिरक्या रेघा मारल्या की चेक क्रॉस झाला. आता रोख मिळत नाही, पैसे कोणत्या तरी खात्यातच जातात. पण ‘कोणत्या तरी’ हा शब्द लक्षात घ्या. नुसत्या रेघा मारलेला चेक मागे सही करून तिसऱ्याच्या नावे फिरवता येतो. तो रस्ता बंद करायचा तर रेघांच्या मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहा. मग बँकेने ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात जमा करायचे, दुसऱ्याच्या नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. याला एक मर्यादित सवलत आहे, आणि महाराष्ट्रात ती रोजच्या व्यवहारात लागते: ज्यांचे खाते फक्त पतसंस्थेत आहे अशा सभासदांच्या नावाचा ₹५०,००० पर्यंतचा अकाउंट पेयी चेक त्या पतसंस्थेच्या बँकखात्यामार्फत वसूल होऊ शकतो. तुमचा चेक ६९,००० चा, त्यामुळे मालकांचे स्वतःचे बँकखाते लागेलच.

रेघा मारल्यावर ‘या धारक को’ हे शब्दही खोडा. स्वतःसाठी ‘सेल्फ’ लिहून रोख काढायची असेल तेव्हा मात्र रेघा मारू नका. तो चेक शाखेत, काउंटरजवळ गेल्यावरच लिहावा.

सही

छापलेल्या रेघेच्या वर, बँकेत नमुना दिला आहे तशी. खाते उघडताना मराठीत सही केली असेल तर मराठीतच. मोबाइलच्या जमान्यात वर्षानुवर्षे सही होत नाही आणि हात बदलतो, म्हणून आधी दोन-चार वेळा कागदावर करून पाहा. जुळत नाही असे वाटले तर शाखेत जाऊन नवा नमुना द्या, मगच चेक द्या. संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात’ असेल तर एक सही पुरते. ‘संयुक्तपणे’ असेल तर दोन्ही लागतात.

सही झाली, तरी काम संपलेले नाही

तुमचा चेक ₹५०,००० च्या वर आहे, म्हणून ‘पॉझिटिव्ह पे’ करा. १ जानेवारी २०२१ पासून ही सोय आहे. बँकेच्या ॲपमध्ये, नेटबँकिंगमध्ये किंवा शाखेत चेक क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम आधीच कळवायची. चेक क्लिअरिंगला आला की बँक ताडून पाहते, फरक निघाला तर तिथेच थांबते. पाच लाख आणि त्यावरच्या रकमेला बँका हे सक्तीचे करू शकतात. खालच्या रकमेला ऐच्छिक असले तरी दोन मिनिटांचे काम आहे, आणि पुढे वाद झाला तर सीटीएसची तक्रार-निवारण व्यवस्था फक्त असे कळवलेलेच चेक विचारात घेते. कळवताना नाव चेकवर लिहिले आहे तसेच लिहा. आपणच दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिले तर आपलाच चेक अडतो.

पैसे खात्यात असतील तेव्हाच चेक द्या. पूर्वी चेक वटायला एक-दोन दिवस जात आणि तेवढ्यात पगार जमा होईल या भरवशावर लोक चेक देत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ते संपले. ज्या बँकेत चेक भरला ती दिवसा ठरलेल्या वेळेत चित्रे सतत पाठवत राहते, आणि तुमच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होय किंवा नाही सांगावे लागते. काहीच सांगितले नाही तर होकार धरला जातो. सकाळी दिलेला चेक संध्याकाळपर्यंत खात्यातून गेलेला असू शकतो.

चेकबुकाच्या नोंदीच्या पानावर क्रमांक, तारीख, नाव, रक्कम आणि कारण त्याच क्षणी लिहा, आणि लिहिलेल्या चेकचा फोटो काढून ठेवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे. त्या करारात अनामतीच्या चेकचा क्रमांक, तारीख आणि बँकेचे नाव लिहून घ्या. भाड्याच्या तीन चेकचेही क्रमांक, आणि कोणता चेक कोणत्या महिन्याचा, तेही.

परत आला तर

शिल्लक अपुरी, सही वेगळी, रकमेत फरक, मुदत संपलेली, तारीख पुढची, खातेदाराने थांबवलेला: बहुतेक चेक यांतल्याच एखाद्या कारणाने परततात. दोन्ही बँका आपापला आकार लावतात आणि भरणाऱ्याला कारण लिहिलेला रिटर्न मेमो मिळतो.

शिल्लक नसल्याने चेक परत आला तर त्याच १८८१ च्या कायद्याचे कलम १३८ लागते. मालकांनी बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे दिले तर गुन्हा ठरत नाही. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात ते न्यायालयात तक्रार करू शकतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘स्टॉप पेमेंट’ केले, म्हणजे या चेकचे पैसे देऊ नका असे बँकेला कळवले, की यातून सुटलो असे समजू नका. देणे खरे असेल तर थांबवलेल्या चेकवरही हेच कलम चालते, सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. चेक हरवला किंवा चोरीला गेला तर मात्र एक मिनिटही न दवडता स्टॉप पेमेंट करा.

आता कोऱ्या चेकवरची सही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे की स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर दुसऱ्याने रक्कम भरली, तरी तो चेक देण्यापोटीच दिला असे गृहीत धरले जाईल. उलट सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर. मालक भले असतील, पण चेक त्यांच्या कपाटातून एजंटाच्या हाती जाऊ शकतो. ‘सुरक्षेसाठी एक कोरा ठेवा’ म्हणाले तर नाव, रक्कम आणि तारीख लिहिलेलाच चेक देतो असे सांगा.

रद्द चेक

कॅन्सल्ड चेक मागतात तो फक्त खाते क्रमांक, आयएफएससी (पैसे पाठवताना लागणारा शाखेचा कोड) आणि एमआयसीआर कळावा म्हणून. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन समांतर रेघा मारा, मध्ये मोठ्या अक्षरात ‘कॅन्सल्ड’ किंवा ‘रद्द’ लिहा. सही करू नका, कोणी कितीही म्हटले तरी. रेघा आकड्यांवरून जाऊ देऊ नका, नाहीतर ज्यासाठी मागितला तेच वाचता येत नाही. खरे तर अनामत परत करण्यासाठी मालकांना तुमचा खाते क्रमांक आणि आयएफएससी पुरतात. ते करारात लिहून दिले तर पान वाया घालवायची गरजच नाही.

भाड्याच्या तीन चेकबद्दल माझे मत: मालक तयार असतील तर त्याऐवजी बँकेत दरमहा आपोआप रक्कम पाठवण्याची स्थायी सूचना द्या. चेकच हवे असतील तर तिन्ही पूर्ण लिहून, अकाउंट पेयी करून, ५ ऑगस्ट, ५ सप्टेंबर, ५ ऑक्टोबर अशा पगारानंतरच्या तारखांचे द्या आणि मिळाल्याची सही घ्या. एखाद्या महिन्याचे भाडे यूपीआयने दिलेत तर त्या महिन्याचा चेक त्याच दिवशी परत मागा. घर लवकर सोडलेत तर न वापरलेले सगळे चेक अनामतीबरोबरच हातात घ्या, क्रमांक नोंदीशी ताडा आणि खालची आकड्यांची पट्टी व सही कापून मगच टाका.